दोरी कोण ओढणार?

चाकणच्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनच्या वर, हात उंचावला की सहज लागेल अशा बेताने, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पिवळी दोरी बांधलेली होती. काम करताना काही खटकलं की कोणीही ती ओढायची. बोल्ट नीट धरला नाही, भाग नेहमीसारखा बसला नाही, नुसती शंका आली तरी. दोरी ओढली की दिवा लागतो, धून वाजते आणि टीम लीडर धावत येतो. लाइनवरचं काम पुढच्या खुणेपर्यंत सरकायच्या आत प्रश्न सुटला तर ठीक, नाहीतर लाइन थांबते. टोयोटाने ही पद्धत रुजवली. तिला आन्दोन म्हणतात. वाहनउद्योगातला कोणीही माणूस तुम्हाला हे दहा मिनिटं समजावून सांगू शकतो, आणि संधी मिळाली की सांगतोच.

मी तिथे ऑडिटला गेले होते. प्लांट हेड हौसेने सगळं दाखवत होते. दोरीपाशी आल्यावर म्हणाले, "मॅडम, ही लावून वर्ष होत आलं, पण ओढायची वेळच आली नाही."

मी वर पाहिलं. बोट फिरवलं तर रेघ उठेल इतकी धूळ दोरीवर होती. आणि लाइनच्या शेवटी, पार्टिशनच्या मागे, रिवर्कच्या, म्हणजे चुकलेले नग दुरुस्त करायच्या, टेबलापाशी चार पोरं मान खाली घालून नग उघडत होती आणि परत बांधत होती. आम्ही आलोय याची त्यांना दखल घ्यायलाही फुरसत नव्हती.

वर्षभर दोरी ओढली गेली नाही याचे दोनच अर्थ निघतात. एक तर तिथे काही चुकतच नाही, किंवा चुकलेलं सांगायला कोणी धजत नाही. कुठला अर्थ खरा, ते रिवर्कच्या टेबलावर लिहिलेलं होतं.

माझी सगळी नोकरी क्वालिटीत गेली. भोसरीत डिप्लोमा ट्रेनी म्हणून लागले, मग पिंपरी, मग चाकण. थोडक्यात, इतरांच्या वाईट बातम्या गोळा करण्याचा पगार घेतला. त्यामुळे 'चांगला बॉस कसा असतो' या विषयावर माझं मत एकांगी आहे, ते मी आधीच सांगून टाकते. दूरदृष्टी, प्रेरणा, धोरण यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. बाणेर रोडवरच्या हॉटेलांमध्ये त्याची दोन दिवसांची शिबिरं होतात, जेवण चांगलं असतं. मी मात्र एखाद्या विभागात गेले की एवढंच बघते: इथे काही बिघडलं तर ते साहेबाला कधी कळतं? बिघडल्यावर दहा मिनिटांत, की गिऱ्हाइकाचा मेल आल्यावर? एवढं कळलं की बाकीच्याचा अंदाज येतो.

भोसरीतले माझे पहिले सुपरवायझर शिबिराला कधी गेले नव्हते. आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून लागलेले आणि त्याच शेडमध्ये केस पिकलेले. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही. एका सेकंड शिफ्टला एक ऑपरेटर त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. काही बोलेना. हातात एक नग आणि भोकाचं माप तपासायचा प्लग गेज. गेजची 'गो' बाजू बोअरमध्ये, म्हणजे नगाच्या भोकात, जायला हवी, ती जात नव्हती. टूलच्या इन्सर्टचं, म्हणजे कापणाऱ्या पात्याचं, टोक तुटलं होतं आणि कधी तुटलं ते त्याला माहीत नव्हतं. मधले नग पुढे गेले होते आणि काही पेट्या गेटवरच्या टेम्पोत चढल्या होत्या.

तो मुलगा गप्प राहू शकला असता. नवीन इन्सर्ट लावून पुढचे नग चांगले काढले असते, तर आधीचे कुठल्या मशिनचे, कुठल्या शिफ्टचे, हे शोधण्यात आठवडा गेला असता. कदाचित शोध लागलाही नसता. आम्ही एकाच मापाचे नग तीन मशिनवर काढत होतो.

मामांनी गेज हातात घेतला, स्वतः एकदा घालून पाहिला आणि म्हणाले, "बरं केलंस लगेच आलास." मग विचारलं, "शेवटचा चांगला नग कधी बघितला होतास?" आणि मला म्हणाले, "पोरी, गेटवर फोन कर, टेम्पो सोडू नका म्हणावं." पुढच्या पाच मिनिटांत मशिन बंद झालं, खराब मालाच्या लाल पेट्या आल्या, शेवटच्या चांगल्या नगापासून पुढचं सगळं वेगळं काढलं. रात्री उशिरापर्यंत आम्ही नग तपासत बसलो. मामाही बसले. चहा त्यांनीच मागवला.

तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. माल वाचला, एवढंच. पुढे अनेक साहेब पाहिल्यावर लक्षात आलं की त्यांच्या प्रश्नांचा क्रम पक्का होता. आधी थांबव. मग, कुठपर्यंत गेलंय? मग, कशामुळे? आणि 'कोणी केलं?' हा प्रश्न त्या रात्री त्यांनी विचारलाच नाही. विचारायची गरजही नव्हती. ज्याने केलं तोच समोर उभा होता. पण असं स्वतःहून समोर येऊन उभं राहिलेल्या माणसाला 'काय रे, झोपला होतास का?' म्हणणारे साहेब मी इतके पाहिलेत की मामा मला अपवाद वाटायला लागले. तसं म्हटलं की त्या एका माणसाचं तोंड बंद होतंच, पण शेजारच्या चार मशिनवरची माणसंही ऐकत असतात. त्यांचं गणित तिथेच पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने नाव विचारलं. मामा म्हणाले, "माझ्या शिफ्टमध्ये झालं, साहेब." साहेबांनी पुन्हा विचारलं. मामांनी पुन्हा तेच सांगितलं.

असं खालच्या माणसाला पाठीशी घालणं म्हणजे बेशिस्तीला खतपाणी, असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी पुण्याच्याच इतिहासातली एक गोष्ट सांगते. 1897 साली गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला लंडनला गेले होते. वय तिशीचं. साक्ष उत्तम झाली. तिच्या तयारीमागे रानड्यांचे आणि गणेश व्यंकटेश जोशींचे कष्ट होते. पण त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ होती, घरं तपासायला गोरे सोल्जर फिरत होते, आणि त्यांच्या अत्याचारांची पत्रं पुण्याहून गोखल्यांना येत होती. गोखल्यांनी ते आरोप इंग्लंडच्या वर्तमानपत्रातून मांडले. सरकारने पुरावा मागितला. तोवर इकडे रँडचा खून झाला होता, धरपकड सुरू झाली होती, नातू बंधूंना अटक झाली होती. पत्रं लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते. गोखल्यांनी त्यांची नावं सांगितली नाहीत. पुरावा देता येत नाही म्हणून बिनशर्त माफी मागितली, स्वतःच्या नावाने, आणि त्यानंतर पुण्यात त्यांच्यावर जी टीका झाली ती वर्षानुवर्षं त्यांची पाठ सोडत नव्हती.

माफी मागायला हवी होती की नको, यावर आजही पुण्यात दोन मतं मिळतील, आणि दोन्ही मोठ्या आवाजात मिळतील. मला त्यातला एवढाच भाग महत्त्वाचा वाटतो: ज्यांनी विश्वासाने कळवलं, त्यांना त्याची किंमत मोजायला लावली नाही. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय पुढे नेली, हा दोष होताच. तो त्यांनी आपल्याकडे घेतला. साहेब होणाऱ्याने या प्रकरणातल्या दोन्ही बाजू शिकाव्यात. खालून आलेली बातमी स्वतः जाऊन बघायची, मामांनी गेज घालून पाहिला तशी; आणि ती आणणाऱ्याचं नाव भांडवलासारखं वापरायचं नाही.

याला आता शास्त्रीय आधारही आहे. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक 1990 च्या दशकात हॉस्पिटलांमधल्या औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास करत होत्या. जिथे माणसांचं आपसांत चांगलं जमतं तिथे चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर खुलासा असा निघाला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. बाकीच्या वॉर्डांमध्ये हेड नर्सच्या धाकाने त्या झाकल्या जात होत्या. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही, पण इतकी वर्षं जे मीटिंगमध्ये ओरडून सांगत होते त्याला कोणीतरी दुजोरा दिला म्हणून बरं वाटलं. शून्य तक्रारींचा तक्ता दिसला की मी अजूनही आधी रिवर्कचं टेबल शोधते.

आता थोडं एट-डी रिपोर्टबद्दल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गिऱ्हाइकाकडे खराब माल गेला की पुरवठादाराला एक अहवाल द्यावा लागतो. काय झालं, तात्पुरतं काय केलं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. मी असे अहवाल किती वाचले त्याला गणती नाही. त्यांतल्या निम्म्यांत मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असतं, 'ऑपरेटरचं दुर्लक्ष'. उपायाच्या रकान्यात, 'ऑपरेटरला समज दिली'. पुराव्यादाखल एक फोटो: फळ्यासमोर एक मनुष्य बोट दाखवतोय, समोर सहा जण हात बांधून उभे आहेत.

हा फोटो पाहिला की मला राग येतो, अजूनही. समज दिल्याने भोकं मापात येत असती तर क्वालिटी विभागाची गरजच नव्हती. कीर्तनकार नेमला असता.

एकदा डावा ब्रॅकेट उजव्याच्या जागी लागून गेला. अहवालात अर्थातच दुर्लक्ष. मी म्हटलं, चला, जागेवर जाऊ. जागेवर काय होतं? डावे आणि उजवे ब्रॅकेट एकसारख्या निळ्या पेट्यांत, शेजारी शेजारी. वरची ट्यूबलाइट लुकलुकत होती. त्या दिवशी तळेगाव चौकात वाहतूक तुंबली होती, कंपनीची बस अडकली, नेहमीचा माणूस वेळेवर पोचला नाही आणि पॅकिंगमधल्या एका कॉन्ट्रॅक्टच्या मुलाला तिथे उभं केलं होतं. लाइन चालू ठेवायची म्हणून. त्याला कोणी काही दाखवलं होतं का? "दाखवलं ना मॅडम, दोन मिनिटं." आणि शेवटचं: तो ब्रॅकेट ज्या फिक्स्चरमध्ये, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या साच्यात, बसतो, त्यात उलटा ब्रॅकेटही बिनबोभाट बसत होता.

टूलरूमने फिक्स्चरमध्ये एक पिन ठोकली. उलटा ब्रॅकेट बसेनासा झाला. पेट्यांना रंग वेगळे दिले, ट्यूब बदलली. ती तक्रार पुन्हा आली नाही. समज मात्र त्याआधी त्या लाइनवर बऱ्याचदा देऊन झाली होती, फोटोंसकट.

कारखान्यात पिन तरी ठोकता येते. ऑफिसात काय करायचं? माझं म्हणणं, तिथेही बहुतेक वेळा शोधलं तर पिन सापडते. हिशोबात दर महिन्याला तीच चूक होत असेल तर त्या माणसाकडे बघण्याआधी तो कागद कुठून येतो, किती वाजता येतो, त्यावरचे आकडे कोणी हाताने उतरवतं का, हे बघावं. रागावण्यापेक्षा याला वेळ जास्त लागतो, म्हणून कोणी करत नाही.

याचा अर्थ सगळ्यालाच माफी असा नाही. एक गोष्ट मी कधी चालवून घेतली नाही: तपासणीचा तक्ता बसल्या जागी भरणं. दर तासाला नग मोजायचा आणि आकडा लिहायचा असतो. काही जण शिफ्ट सुरू होतानाच आठही रकाने भरून मोकळे होतात. ओळखायला सोपं असतं. सगळे आकडे एकाच दमात लिहिलेले दिसतात आणि जेवणाच्या सुट्टीतही मोजमाप झालेलं असतं. चूक होणं वेगळं आणि खोटा आकडा लिहिणं वेगळं, हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचे. पहिल्यासाठी माझ्याकडे या, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. दुसऱ्यासाठी उभी राहणार नाही. आणि नाही राहिले. पण हेही खरं की अशा तक्त्यांमध्ये कित्येकदा इतके रकाने असतात की ते सगळे मोजून भरले तर नग काढायला वेळच उरणार नाही. असा तक्ता बनवणारा साहेब खोटं लिहायची सोय स्वतःच करून देत असतो. मी एकाला तपासणीवरून काढलं त्याच आठवड्यात तक्त्याचे निम्मे रकानेही काढले.

पुण्याच्या साहेबांचा एक खास आजार आहे, त्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टोमणा. आपल्या शहराला त्याचं कोण कौतुक! दारावरच्या पाट्यांचे फोटो लोक काढतात, एकमेकांना पाठवतात, हसतात. पण मी त्या पाट्यांचं निरीक्षण केलंय. 'बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही' हे वाचून माणूस हसतो आणि बेल दोनदा वाजवतो.

ऑफिसात तर टोमणा घातकच. सकाळच्या मीटिंगला कोणी पाच मिनिटं उशिरा आला की साहेब म्हणतात, "या, या, आपलीच वाट बघत होतो, हार मागवला होता." सगळे हसतात. एक जण हसत नाही. त्याला मुलीला शाळेत सोडायचं होतं की वाकडच्या पुलाखाली अडकला होता, ते कळायचा मार्ग साहेबांनी एका वाक्यात बंद केलेला असतो. वर टोमण्यात सूचना कुठलीच नसते. 'उद्यापासून नऊ वाजता सुरू करू, नाही जमणार असेल तर आज संध्याकाळी मला सांग' असं सरळ बोललं तर त्याला काहीतरी करता येतं. हाराचं तो काय करणार? सरळ बोलायला मात्र टोमण्यापेक्षा धीर जास्त लागतो. समोरच्याच्या डोळ्यांत बघून, चारचौघांत नाही तर बाजूला घेऊन, 'हे मला चाललं नाही' म्हणायचं असतं. कौतुक मात्र खुशाल चारचौघांत करावं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, कौतुक केबिनमध्ये दार लावून करतात, जणू काही लाच देतोय.

सूचना कशी द्यावी याचा नमुना म्हणून मला शिवाजी महाराजांचं एक पत्र फार आवडतं. चिपळूणला घोडदळाची छावणी होती, तिथल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं. पावसाळा तोंडावर आलेला, घोड्यांसाठी दाणागवत साठवलेलं. रयतेला त्रास देऊ नका, हा त्याचा भाग सगळ्यांना माहीत असतो आणि भाषणांत तेवढाच येतो. मला त्याची बांधणी बघण्यासारखी वाटते. नुसतं 'गवत जपून वापरा' असं ते नाही. आत्ता बेफाम वापरलंत तर ऐन पावसाळ्यात संपेल, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखी होतील. मग तुम्ही रयतेच्या घरी दाणे, भाकरी, गवत, भाजी घ्यायला जाल, आणि ती माणसं म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे. एकेक पायरी मांडली आहे. पुढे तर त्याहून बारीक: कोणी स्वयंपाकाला आगट्या पेटवेल, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, वारा बघणार नाही, एका खणाला आग लागली की सगळं जाईल. रात्री दिवे तसेच ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल.

उंदराची वात! राज्याचा कारभार चालवणारा माणूस उंदीर काय करेल इथपर्यंत विचार करतो आणि तो लिहून कळवतो. शेवटी आग लागल्यावर कोणाची मान मारून काय उपयोग, गवताची काडी परत मिळणार नाही, अशा अर्थाचंही त्यात आहे. शिक्षेची भीती घालून मोकळं होणं सोपं होतं. त्याऐवजी कारण सांगितलं. कारण कळलेल्या माणसाला, पत्रात नसलेला प्रसंग आला तरी काय करायचं ते सुचतं. 'सांगितलं तेवढं करा, प्रश्न विचारू नका' म्हणणाऱ्याच्या हाताखालची माणसं सांगितलं तेवढंच करतात, आणि मग साहेब तक्रार करतात की कोणी डोकंच चालवत नाही.

माझी भाची हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. अलीकडेच टीम लीड झाली. एका रविवारी जेवायला आली आणि म्हणाली, "मावशी, तुझं ते गेज आणि नग मला सांगू नकोस. माझ्या टीमचा प्रश्न सांगू का? सगळे रोज सकाळी स्टँडअप मीटिंगला 'ऑन ट्रॅक' म्हणतात. आणि रिलीजच्या आदल्या रात्री कळतं की तीन गोष्टी झालेल्याच नाहीत."

मी म्हटलं, "तू काय म्हणतेस, कोणी अडलंय म्हटल्यावर?"

"मी म्हणते, प्रॉब्लेम आणू नका, सोल्यूशन घेऊन या. आमचे मॅनेजर मला हेच सांगतात."

हे वाक्य हल्ली सगळीकडे ऐकू येतं. ऐकायला कर्तबगार वाटतं. पण ज्याला उत्तर सापडलंय तो तुमच्याकडे कशाला येईल? त्याने ते करून टाकलेलं असतं. ज्याला सापडलं नाही त्यालाच तुमची गरज असते, आणि त्यालाच तुम्ही दारातून परत पाठवता. तो जातो आणि रिलीजच्या आदल्या रात्रीपर्यंत उत्तर शोधत बसतो. तिला मी सांगितलं की हे म्हणणं आधी बंद कर, आणि 'झालं का?' हा प्रश्नही. त्याला 'होऊन जाईल' याखेरीज उत्तर मिळत नाही. 'यातलं सगळ्यात अवघड काय राहिलंय?' विचार. काहीच अवघड नाही असं उत्तर आलं तर त्या माणसाने अजून काम उघडलेलं नाही.

मग वरच्यांना कसं सांगायचं, यावरही बोलणं झालं. नोकरीत पुढे जायचं असेल तर हे हाताखालच्यांना सांभाळण्याइतकंच महत्त्वाचं, किंबहुना आधी हेच. पुष्कळ हुशार माणसं इथे मागे पडलेली मी पाहिली. काम उत्तम, पण उशीर होणार हे शेवटच्या दिवशी सांगणार. साहेबाला उशिराचा राग तितकासा येत नाही. त्याने पुढे कोणाला तरी शब्द दिलेला असतो, तो मोडताना त्याला तोंडघशी पडावं लागतं, त्याचा येतो. आठवडा आधी सांगितलं तर तो तारीख बदलून घेऊ शकतो, माणूस देऊ शकतो, निदान स्वतःची अब्रू वाचवू शकतो. सांगतानाही आधी पाल्हाळ नको. काय झालंय, कुठपर्यंत गेलंय, मी काय थांबवलंय, काय अजून कळलेलं नाही, आणि पुन्हा कधी सांगेन. यातलं शेवटचं लोक विसरतात. 'चार वाजता फोन करते' म्हटलं की चारपर्यंत साहेब तुमच्या डोक्यावर बसत नाही. आणि चार वाजता काहीही नवीन नसलं तरी फोन करायचा, 'अजून नवीन काही नाही' एवढं सांगायला.

तिला हे सगळं पटलं असं मला वाटत होतं. आमटी वाढून घेत ती म्हणाली, "मावशी, तुझ्या मामांच्या वेळी माणूस परमनंट होता. चूक कबूल केली तरी दुसऱ्या दिवशी गेट उघडं असायचं. माझ्याकडे मागच्या अप्रेझलला दोघांना काढलं. त्यातला एक सगळ्यात आधी अडचणी सांगणारा होता. बाकीच्यांनी ते पाहिलंय. आता मी काय म्हणून सांगू त्यांना, की बोला?"

याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे असं ते म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. जिथे सांगणाऱ्याला काढतात तिथे भिंतीवर 'मनमोकळं बोला' अशी पोस्टर लावून लोक बोलत नसतात. वरच्याने उघडं केलेलं दार खालच्याला थोडंफार बंद करता येतं. वरच्याने बंद केलेलं खालच्याला पूर्ण उघडता येत नाही. पण टीम लीडच्या हातात एक मधला पट्टा असतो: तिच्यापर्यंत आलेल्या गोष्टींपैकी किती, कोणाच्या नावाने आणि कधी वर जातात, हे ती ठरवते. अप्रेझलच्या फॉर्मवर दोन ओळी तिच्या असतात. तिथे 'अडचणी वेळेत लक्षात आणून देतो, त्यामुळे अमुक रिलीज वाचली' असं नाव आणि तारखेसकट लिहिलं, तर वरच्याला ते खोडायला निदान कारण द्यावं लागतं. नुसतं 'टीम प्लेअर आहे' लिहिलं तर काहीच द्यावं लागत नाही.

"आणि स्टँडअपला पहिलं कोण बोलतं?" मी विचारलं.

"सगळ्यात ज्युनिअर. म्हणजे त्याला सवय होते."

"उद्यापासून तू बोल. तुझं काय अडलंय ते."

"माझं? सगळ्यांसमोर?"

"का, तुझं काही अडत नाही?"

तिने मान हलवली, म्हणजे अडतं अशी. मग क्लायंटकडच्या कुठल्याशा परवानगीचा विषय काढला. ती मिळाली नाहीये, मॅनेजरला अजून सांगितलेलं नाही, तारीख पुढच्या गुरुवारची आहे. मी विचारलं, मॅनेजर रविवारी फोन घेतात का? घेतात म्हणाली, पण मेसेज बरा. ताट बाजूला सारून ती तिथेच टाइप करायला लागली. पहिलाच मजकूर तीन परिच्छेदांचा झाला होता. मी तिला त्यातले दोन काढायला लावले.